मोहबोडीच्या शिवारातली तार

नागपूर, २८ ऑगस्ट १९५९

चि. गोकुळास मनसारामभाऊचे आशीर्वाद.
वि. वि. तुमच्या धानावर अळी पडली, म्हणून औषध फवारणारं आमचं विमान येत्या दहा तारखेले मोहबोडीले येऊन राह्यलं. मी त्याचा मिस्त्री, म्हणून मीही येईन.

एक काम तुलेच सांगतो. गेल्या साली आमच्या पायलट सोहराबसाहेबांच्या विमानाचं चाक विजेच्या तारेत अडकलं. साहेब वाचले, पण तीन महिने हात प्लास्टरात होता. वरून खांब दिसते, तार दिसत नाई, अन् विमान धानाच्या वर आठ-दहा हातांवरूनच जाते. हपिसाच्या नकाशात तुमच्याकडं सडकेच्या कडेची एकच तार आहे. तू शिवार फिरून पाय, आणखी आहे काय. लहानपणी माझ्या साऱ्या चोऱ्या तूच पकडत होती, म्हणून तुले सांगतो.

बुधूभाऊजींस नमस्कार. माया असू दे.
तुझा मनसाराम


मोहबोडी, ता. ब्रह्मपुरी, २ सप्टेंबर १९५९

ती. मनसारामभाऊस गोकुळाचा नमस्कार.
वि. वि. पत्र आलं त्याच दिवशी नणंद मैनाले घेऊन मी निघाली. धानाच्या बांध्यांत गुडघाभर चिखल.

भाऊ, आणखी एक तार आहे. उमाजी पाटलानं धानाच्या गिरणीसाठी उन्हाळ्यात घेतली. एक खांब मोहाच्या झाडात लपला, दुसरा गिरणीच्या मागं. तारेवर खंड्या बसला होता, नाईतर मलेही दिसली नसती. पाटील म्हणाले, त्या दिवशी वीज बंद ठेवतो, मग कायची भीती? मी म्हटलं, वीज बंद झाली तरी तार तिथंच राहते.

तारेखालच्या बांध्यांत दोन आमच्याच आहेत. त्या न फवारता सोडा म्हणताना जीव तुटते, पण सोडा. साहेबांले नक्की सांग.

तुझी बहीण, गोकुळा


नागपूर, १४ सप्टेंबर १९५९

चि. गोकुळास आशीर्वाद.
वि. वि. तुझ्या घरी घोटभर चहा घेतला अन् निघालो, बोलणं राह्यलंच. तुझं पत्र वाचून दाखवलं तेव्हा साहेबांनी नकाशावर पेन्सिलीनं फेऱ्या आखल्या होत्या. पयली फेरी नेमकी त्या तारेवरून आडवी जात होती. साहेबांनी रबरानं ती रेघ पुसली. मग मोहबोडीले आल्यावर स्वतः चालत जाऊन मोहाखाली उभे राह्यले, वर पायलं अन् म्हणाले, "मनसाराम, ही तार मला दिसली नसती."

म्हणून त्यांनी तारेच्या दोन्ही अंगानं, दूर राहून विमान चालवलं. मधला पट्टा सुटला. त्याच्यासाठी औषधाची भुकटी तुझ्या घरी ठेवून आलो. तोंडाले फडकं बांधूनच मारजा.

तुझा मनसाराम


मोहबोडी, ६ ऑक्टोबर १९५९

ती. भाऊस नमस्कार.
वि. वि. भुकटी मारायले मी अन् तुझे भाऊजी, दोघंच उतरलो होतो. पाहतो तर मैना आली, मागून गिरणी बंद करून पाटील आले, मग अर्धा गाव. दोन दिवसांत पट्टा झाला. अळी गेली. धान निसवून लोंब्या धरून राह्यलं, तारेखालचंही.

साहेबांनी हपिसात सांगून नियम करून घेतला म्हणे, की विमान येण्याआधी गावच्या माणसानं शिवार फिरून तारा दाखवाच्या. परवा शेजारच्या गावची कुंताबाई विचारत आली, तारा कशा शोधाच्या. उद्या सकाळी मी तिच्यासंगं जाऊन राह्यली. तुझे भाऊजी म्हणतात, जेवण करून ठेवतो, तू जा.

पत्र लवकर धाड.
तुझी गोकुळा