तिसऱ्या पुस्तकाचं पहिलं पान

भोकरदन,
रविवार, १ मार्च २०२६

प्रिय मिथुनदादा,

सप्रेम जय भीम.

तुझा पत्ता आत्याच्या तृप्तीकडून घेतला. ती देत नव्हती. "त्यानं शपथ घातलीय मला," म्हणाली. मी दुपारभर तिच्या दारात बसून राहिले, तेव्हा कुठे तिनं वहीच्या पानावर लिहून दिला. तिच्यावर रागावू नकोस. फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागदावर लिहितेय. तू भिलाईला कारखान्यात आहेस, तुला एक मुलगी आहे, एवढं तिनं सांगितलं. मुलीचं नाव मी विचारलं नाही. ते तुझ्याकडूनच कळावं असं वाटलं.

इकडे ठीक आहे. आबांच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन दिवाळीनंतर झालं, आता बराबर दिसतं. मी इथल्या एका शाळेत पाचवी ते आठवीला इंग्रजी शिकवते. घराचे पत्रे काढून स्लॅब टाकला. समोर पप्पूनं चिकनचं दुकान टाकलंय, आणि आबा रोज सकाळी त्याच्याकडून कोंबड्याच्या मानेची पिसं निवडून आणतात. हो, अजून माश्या बांधतात. खिडकीत बसून हुकावर पीस आणि रेशमाचा दोरा गुंडाळायचा, माशाला खरी वाटावी अशी माशी करायची, तेच. तू चिडायचास, "केळनेत गुडघाभर पाणी न्हाई आन् हे साहेबाच्या माश्या बांधून राह्यले."

हात थरथरतो त्यांचा आता. पण बांधलेली गाठ सुटत नाही.

एवढीच खबर, असं लिहून पत्र संपवावं असं दोनदा मनात आलं. पण गुरुवारी आपल्या घरी जे झालं ते तुला कळवायला आबांनीच सांगितलंय.

बुधवारी आबांना एक फोन आला. हिमाचलात ज्यांच्या मासेमारीच्या लॉजवर आबा कामाला होते, त्या कर्नलसाहेबांचा मुलगा बोलत होता. साहेब गेल्या जुलैत वारले, आणि मुलगा म्हणाला की उद्या मी संभाजीनगरला येतोय, तिथून तुमच्याकडे येईन. आबांनी फोन ठेवला. मग म्हणाले, "साहेब गेले. सात-आठ महिने झाले आन् मला कुणी कळवलं न्हाई." गुरुवारी त्यांनी सकाळी उठून दाढी केली, फौजेतलं जुनं जाकीट घातलं. मी रजा टाकली.

मुलगा पन्नाशीचा असेल. सोबत बॅग धरलेला एक माणूस होता. मी चहा केला. आबा खुर्चीवर बसेनात, "साब के सामने मैं ऐसाच ठीक हूँ," म्हणून पेटीवर टेकले. मुलगा म्हणाला, साहेबांची मासेमारीवरची पुस्तकं नव्यानं छापायची आहेत, लॉजवर त्यांच्या नावानं एक खोली करायची आहे, तर तुमच्याकडची सही केलेली पुस्तकं द्या. काचेच्या कपाटात ठेवू.

आबांनी पेटीतून ती तिन्ही काढली. पिवळ्या फडक्यात बांधलेली असायची, तशीच आहेत. मांडीवर ठेवून एकेक दाखवायला लागले. पहिलं साहेबांचं स्वतःचं. आबांनी बांधलेल्या माशीला दोन किलोचा ट्राउट मासा लागला, त्या दिवशी ओल्या हातानं सही केलेलं. शाई पसरलीय, ते बोटानं दाखवतात. दुसरं त्या इंग्रज बाईचं, जी दर मे महिन्यात लॉजवर यायची. आबांना वाचता येत नाही म्हणून तिनं सहीखाली पेनानं एक छोटीशी माशी काढून दिलीय, आबा बांधायचे तशी, शेपटीला तीन केस. साहेबांच्या मुलानं ही दोन्ही नुसती चाळून बाजूला ठेवली.

तिसरं पुस्तक त्यानं सरळ पहिल्या पानावर उघडलं.

दादा, मी ट्रे घेऊन दारात उभी होते. त्यानं वाचलं, पुस्तक मिटलं, आणि मिटलेल्या पुस्तकावर हात तसाच दाबून ठेवला. मग अगदी हळू विचारलं, "ये किसी ने पढ़ा है?"

"मेरी लडकी पढती है ना अंग्रेजी," आबा कौतुकानं म्हणाले. "सब मेरेकू पढके सुनाया इसने."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी ट्रे खाली ठेवला. मी म्हणाले, "अक्षर लागत नाही मला. साहेबांचं अक्षर फार बारीक आहे."

हे खोटं होतं. ते पान मला तोंडपाठ आहे, अकरा वर्षांपासून.

आता ते लिहायलाच हवं.

गावाला जे ठाऊक आहे ते असं, की २०१३ च्या जूनमध्ये हिमाचलात कर्नलसाहेबांच्या लॉजवर आबांनी, गावाच्या तोंडी कचरूनं, एका गड्याला चढत्या पाण्यात उतरवलं, तो टेकचंद नावाचा माणूस वाहून गेला, कचरूनं गुन्हा कबूल केला आणि आठ महिने तुरुंगात बसून आला. आबा परत आले तेव्हा कुंभार पिंपळगावच्या लोकांनी तुझी सोयरीक मोडली. त्या दिवशी तू अंगणात उभा राहून त्यांना जे बोललास ते मी इथे लिहीत नाही, तुला आठवतच असेल. आबांनी एक शब्द उलटा दिला नाही. तू बॅग घेऊन गेलास.

त्यानंतर पाच महिन्यांनी, २०१५ च्या मार्चमध्ये, पोस्टानं ते तिसरं पुस्तक आलं. मी एकोणीस वर्षांची होते. आबांनी कागद फाडला, वास घेतला पुस्तकाचा, आणि म्हणाले, "वाच. साहेबांनी काय लिव्हलंय?" मी वाचलं. इंग्रजीत आहे, मराठीत सांगते:

"कचरूस. टेकचंदला पाण्यात उतर असं मी म्हणालो होतो. पाणी चढलंय, नका पाठवू, असं तू दोनदा म्हणालास. माझी शिक्षा तू भोगलीस. हे मला कुठल्याही कोर्टात बोलता आलं नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो. हे पान तुझ्याजवळ राहू दे." खाली सही, तारीख.

आबांनी विचारलं, "काय?" मी म्हणाले, "कचरूस, आठवण म्हणून, आशीर्वाद." ते हसले आणि पुस्तक कपाळाला लावलं.

का, ते विचारशील. पहिले दोन दिवस मी घाबरले होते, हे खरं आहे. आबांना कळलं की साहेबांनी लिहून दिलंय, तर ते काय करतील, पुन्हा कोर्ट, पुन्हा पोलीस, असं वाटलं. मी आडून विचारलंही, "आबा, त्या दिवशी नक्की काय झालं व्हतं?" ते म्हणाले, "मी कोर्टात सांगितलंय तेच. तुझी आई पुण्याच्या मिलिटरी दवाखान्यात चार वर्षं जगली ती साहेबांमुळं. त्यांनी माझ्यापुढं हात जोडले, भावना. मंग मी काय करणार व्हतो?" म्हणजे मला सगळं कळलं होतं, पानावरून आणि त्यांच्या तोंडून. तुला एक पत्र टाकायचं होतं फक्त. तेव्हा तू संभाजीनगरलाच होतास, पत्ता होता माझ्याकडे.

मी नाही टाकलं. कारण तू परत आला असतास.

तू जाण्याआधी शहागडच्या अंगदशी माझं लग्न ठरवून ठेवलं होतंस. कॉलेज बंद, म्हणाला होतास. आबा तुरुंगात, आई नाही, घरात तुझाच शब्द. तू गेल्यावर आबांनी ते स्थळ परत पाठवलं आणि मला म्हणाले, "शीक तुला जेवढं शिकायचंय तेवढं." मी शिकत राहिले. संध्याकाळी त्यांना ती पुस्तकं वाचून दाखवायची, आणि ते मधेच लेखकाची चूक काढायचे, "न्हाई न्हाई, गळ फेकताना मनगट नसतं वाकवायचं, सांग त्याला." त्या दोन-तीन वर्षांत मला आयुष्यातला सगळ्यात जास्त आनंद मिळाला. तू तिकडे बापाचा राग धरून बसला होतास, आणि त्याच रागावर माझं कॉलेज चाललं होतं. आधी पहिलं वर्ष होऊ दे म्हटलं, मग बी.ए. होऊ दे, मग बी.एड. मग इतकी वर्षं गेली की सांगायचं म्हणजे आधी स्वतःचं सांगावं लागलं असतं.

तर गुरुवार.

"अक्षर लागत नाही," म्हटल्यावर साहेबांचा मुलगा मोकळा हसला. तिन्ही पुस्तकं त्यानं सोबतच्या माणसाला दिली. आबांनीच त्या माणसाला फडकं बांधून दिलं, दोन्ही हातांनी. म्हणाले, "साब की चीज साब के घर जारी." सगळे बाहेर गेले. मी आत एकटी उभी राहिले. गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला.

मी पळाले, दादा. अनवाणी. गाडी सुरू झाली होती. मी समोर जाऊन ओरडले, "पप्पू, गाडी आडव!" त्याला काही माहीत नव्हतं, पण तो हातातला सुरा खाली ठेवून गाडीपुढे येऊन उभा राहिला. मी मागचं दार उघडून फडक्याला हात घातला. तो माणूस सोडेना. साहेबांचा मुलगा म्हणाला, "बहनजी, तमाशा मत कीजिए." गल्लीतली माणसं गोळा झाली. पुष्पाबाई आल्या, आणि आबा तुरुंगातून आले त्या वर्षी ज्यांनी त्यांना विहारात पुढे बसू दिलं नव्हतं ते काकासाहेबही आले.

मी पुस्तक उघडायची वाट पाहिली नाही. पाठ होतं ते मोठ्यानं म्हणाले. आधी इंग्रजीत, त्याच्याकडे बघून. मग मराठीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

मुलगा म्हणाला, "पिताजी बीमार थे. कुछ भी लिख देते थे." पण त्याचा चेहरा उतरला होता. जायच्या आधी त्यानंच सांगितलं, साहेबांच्या डायरीत या पानाचा उल्लेख आहे म्हणूनच तो आला होता.

आबा ओट्यावर बसले. मला म्हणाले, "परत वाच." मी परत म्हणाले. ते गाडीजवळ गेले आणि सोबतच्या माणसापुढे नुसता हात केला. त्या माणसानं साहेबांच्या मुलाकडे पाहिलं आणि फडकं सोडलं. आबांनी गाठ सोडून पहिली दोन पुस्तकं साहेबांच्या मुलाच्या हातात दिली. म्हणाले, "ये दो ले जाव, कपाट में रखो. ये नहीं देता. ये साब ने मेरेकू लिखा." त्या इंग्रज बाईच्या माशीवरून त्यांनी एकदा अंगठा फिरवला, एवढंच. गाडी गेली.

मग काकासाहेब पुढे होऊन काहीतरी बोलायला लागले. आबांनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला विचारलं, "खाली तारीख काय टाकलीय?"

मी म्हणाले, "१२ मार्च २०१५."

ते मोजत होते मनात. मला दिसत होतं.

"म्हंजे तुला ठाऊक व्हतं."

"हो."

"मिथुनलाबी कळवलं न्हाईस."

"न्हाई आबा."

त्यांनी मारलं असतं तर बरं वाटलं असतं. ते आत गेले. चौथा दिवस आज, माझ्याशी बोललेले नाहीत. मी वाढते, ते जेवतात. काल पप्पूला निरोप दिला, मला सांगायला: मिथुनला सगळं लिहून कळव, काही राखू नको. आणि दुसरं, ते हिमाचलला जाणार आहेत. टेकचंदच्या बायकोला ते पान दाखवायला. निकालाच्या दिवशी तिनं कोर्टाच्या पायरीवर त्यांचे दोन्ही हात धरून विचारलं होतं, "का पाठवलंत?" आणि त्यांनी मान खाली घातली होती. हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं, पप्पूला सांगितलं. मी येते म्हटलं तर पप्पूकडूनच उत्तर आलं: "पोरगी नको. मिथुन आला तर मिथुनसोबत, न्हाई तर एकटाच जातो."

साहेबांनी इंग्रजीत का लिहिलं, याचा मी गेले चार दिवस विचार करतेय. आबांना वाचता येत नाही हे त्यांना ठाऊक होतं. लिहायचंही होतं आणि कळूही द्यायचं नव्हतं, असंच ना? मग माझ्यात आणि साहेबांत काय फरक? त्यांनी निदान स्वतःच्या हातानं सही तरी केली.

१८ मार्चला, बुधवारी, जालन्याहून अमृतसरकडे जाणारी गाडी आहे; वाटेत उतरून पुढे हिमाचलला बसनं जायचं. मी दोन तिकिटं काढलीत, एक आबांचं, एक तुझ्या नावाचं. दोन्ही लक्षात ठेवून खालच्या बर्थची काढलीत. आबा सदुसष्ट वर्षांचे आहेत, छातीत कफ आहे, आणि तिकडे अजून बर्फ असेल.

माझ्याशी बोलू नकोस. मी त्या दिवशी स्टेशनवर येणार नाही, पप्पू सोडायला जाईल, म्हणजे तुला माझं तोंड बघायला लागणार नाही. तुझा राग सगळा मला दे, तो माझाच होता. पण त्यांना एकटं जाऊ देऊ नकोस.

तुझ्या वाट्याची अकरा वर्षं जिनं दाबून ठेवली ती,
तुझी बहीण
भावना