पाटावरचा पाना

खंडेनवमी, संध्याकाळ

सकाळी जुन्या जीपच्या ब्रेकची नवी नळी बसवली, पाने धुतले, पाटावर मांडून हळदकुंकू वाहिलं. पूजेतलं अवजार दसऱ्यापर्यंत उचलायचं नाही. पण नळीचा नट शेवटी नीट आवळला होता का? दुपारभर तेच. पोथी वाचतानाही नजर नट आवळायच्या चौदा नंबरच्या पान्यावर. उद्या पहाटेच मेहुणा लेकरांना घेऊन याच जीपनं नवेगाव-बांधच्या तलावावर जाणार.

बायको म्हणाली, "कायले येरझारा घालून राहिले? उचला ना तो पाना."

"बाबांनी उचलला नसता."

"बाबांची बैलगाडी होती. तिले ब्रेक होते का?"

हात जोडले. कुंकवासकट चौदाचा पाना उचलला, जीपखाली शिरलो. नट अजून पाऊण फेरा फिरला.