बातमी जेवल्यावर

आई, तुला लिहायला फार उशीर झाला, रागावू नको. तू गेलीस तेव्हा मी चौथीत होतो आणि तुझ्यामागे शाळाही सुटली, त्यामुळे माझं अक्षर अजून त्या चौथीतल्या पोराचंच राहिलं आहे. आता केस पांढरे झाले, दात निम्मे गेले, आणि ओसरीवर मांडीशी पाट घेऊन मी हे लिहितो आहे. एवढी वर्षं लिहिण्यासारखं काही नव्हतं. दुःखं होती, पण ती काय तुला कळवायची? आता मात्र सांगण्यासारखं आहे. आई, मी जिंकलो. गावात असं म्हणालो तर लोक हसतात, कारण मी ना निवडणूक जिंकली ना बैलांची शर्यत. मी एका वीतभर डब्याला जिंकलं, आणि त्यात अर्धी जीत तुझी आहे, म्हणून हा कागद.

माझा स्वभाव तुला माहीत आहे. आभाळात ढग आला तर वासरू भिजेल म्हणून मी रडायचो आणि ढग निघून गेला तर पाऊस गेला म्हणून रडायचो. त्यात काही फरक पडलेला नाही. माझी बायको, जिला तू पाहिलं नाहीस, ती म्हणायची की तुमच्या पोटात जातं बसवलंय, दळण नसलं तरी फिरतंय. ती गेली त्यालाही बरीच वर्षं झाली. आमचा एकुलता मुलगा फौजेत भरती झाला. लग्नानंतर पहिल्या सुट्टीवर आला तेव्हा माझ्यासाठी ट्रान्झिस्टर घेऊन आला, चामड्याच्या, भोकं पाडलेल्या पिशवीत घातलेला. तुझ्या वेळी असलं काही नव्हतं. डब्यात सेल घातले आणि कळ फिरवली की मुंबईतला माणूस आपल्या ओसरीवर बोलायला लागतो. पोरगा म्हणाला, एकटं वाटलं की लावत जा, सकाळी भजनं असतात. त्यानं तो भजनांसाठी दिला होता, हे मी पुढं साफ विसरलो.

लढाई लागली त्याला आता वर्ष उलटून गेलं. पोरगा सरहद्दीवर, घरी मी आणि सून, आणि सुनेला पाचवा महिना. काष्टीच्या स्टेशनावरून ताडपत्री झाकलेल्या फौजी गाड्या जायच्या, त्यांचा आवाज आमच्या वस्तीपर्यंत यायचा. मी सकाळी डोळे उघडले की कळ फिरवायचो. मराठी बातम्या संपल्या की हिंदी, हिंदी संपल्या की इंग्रजी, त्यातलं एक अक्षर कळत नसताना. विहिरीवरच्या शेतात शाळू कणसात आला होता. मी गोफण घेऊन राखणीच्या माळ्यावर चढायचो, पण कान डब्याला लावलेला, आणि समोर चिमण्या निवांत दाणे टिपत बसलेल्या. सेल उतरले की पत्र्यावर उन्हात वाळत घालायचे, तास दोन तास आणखी चालतात. तुझ्या धाकट्या जावेचा मुलगा, माझा चुलतभाऊ, त्याचं तर दुकानच आहे. त्यानं पोत्यांच्या थप्पीवर रेडिओ मांडला होता. तो आपलं स्टेशन ऐकायचा, मग पलीकडचं ऐकायचा, आणि दोघांनी सांगितलेले मेलेले एकत्र करून गिऱ्हाइकाला मिठाबरोबर द्यायचा. मी तिथंही जायचो. घरी ऐकलेलंच पुन्हा ऐकायचो आणि ते दुप्पट भारी होऊन परत यायचो.

सून काही बोलत नव्हती. मला वाटायचं, पोर धीराची आहे. मग एके दिवशी गोठ्यात गेलो तर गाईच्या पुढ्यात भाकरी पडलेली, नुसता एक तुकडा मोडलेली. दुसऱ्या दिवशीही तेच. मी बातम्या लावायचो ओसरीवर, आणि आत चुलीपुढं तिला प्रत्येक शब्द ऐकू जायचा, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. सुईण येऊन तिचं पोट बघून गेली. जाताना दारात मला म्हणाली, "आबा, पोर वाढंना. आईच खाईना तर त्यानं काय खायाचं?" आई, मी तिथंच उंबऱ्यावर बसलो. पोरगा तिकडं गोळ्यांपुढं, आणि त्याचं मूल इकडं मी या डब्यानं उपाशी ठेवत होतो.

मग मी उपाय सुरू केले आणि सगळे फसले. आधी तिला नुसत्या चांगल्या बातम्या सांगायला लागलो. ती शांतपणे म्हणाली, "मामा, तुमी खोटं बोलताना कान चोळता." मग तिला म्हणालो की डबा बिघडला, आणि तो ज्वारीच्या कणगीत पुरून ठेवला. अर्धा दिवस कसाबसा काढला. दुपारी ती पाणी भरायला गेली तसा मी कणगीत कमरेपर्यंत वाकलो आणि ज्वारीत तोंड घालून बातम्या ऐकू लागलो. ती घागर घेऊन परत आली तेव्हा मी तसाच होतो, पाय बाहेर, डोकं आत. ती हसली नाही. तेच मला जास्त लागलं. डोक्यातली ज्वारी झाडत मी ओसरीवर येऊन बसलो आणि तेव्हा, इतक्या वर्षांनी, तू आठवलीस.

मानमोडीच्या तापाची साथ आली होती ते वर्ष. सगळा गाव रानात पालं ठोकून राहिला होता. आपलं पाल विहिरीच्या कडेला, चिंचेखाली. मी लहान, पण तेव्हाही असाच. सकाळपासून वाटेवर उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचो, आज कोण गेलं, आणि तसाच धावत तुझ्याकडं यायचो. तू भाकरी थापते आहेस. मी सांगतो आहे, सुताराची म्हातारी गेली, तेल्याचा थोरला गेला. एकदा तू पिठाचा हात तसाच माझ्या तोंडावर दाबलास. म्हणालीस, "आदी भाकर खा. मग सांग. मेलेलं मानूस कुटं पळून चाललंय?" मला राग आला होता. पिठाची चव ओठांवर घेऊन मी मुकाट्यानं जेवलो. तू जेवलीस. ताटं विसळून झाली आणि मग तू भिंतीसारखी नीट बसलीस आणि म्हणालीस, "हां, सांग आता." तू सगळं ऐकलंस, मधे तोडलं नाहीस, एकही नाव वगळू दिलं नाहीस. ज्या घरात करणारं कुणी उरलं नव्हतं तिकडं दुसऱ्या दिवशी भाकरी बांधून दिलीस. पण पुन्हा दिवसभर तो विषय काढू दिला नाहीस. आपल्या पालातली सगळी माणसं त्या साथीतून उठली, ती नशिबानं उठली असतील. पण उपाशी कुणी राहिलं नाही, ते तुझ्यामुळं.

मी उठलो आणि सुनेला समोर बसवलं. सांगितलं की आजपासून या घरात बातमी दिवसातून एकदा, संध्याकाळी, तीही आपण दोघं जेवल्यावर. जी असेल ती सगळी, दोघांनी बसून ऐकायची. मधे काही नाही, दुकानातलं नाही, विहिरीवरचं नाही. तिनं जरा विचार केला. म्हणाली, "तुमचा काय भरवसा न्हाई, मामा. सेल माज्यापाशी ऱ्हातील." तेव्हापासून डबा माझ्या उशाशी आणि सेल तिच्या मडक्यात, डाळीखाली. एकट्याला कुणालाच ऐकता येईना.

दुसरी गोष्ट त्याहून अवघड होती. सुनेनं सासऱ्यादेखत जेवायची आपल्यात पद्धत नाही. पण ती खरंच खाते की गाईला घालते हे मला कळायला हवं होतं. शेवटी ती भिंतीकडं तोंड करून, माझ्याकडं पाठ फिरवून बसायला लागली. मी माझ्या ताटावर बसायचो आणि तिच्या भाकरीचा तुकडा मोडल्याचा आवाज ऐकायचो. मुंबईच्या माणसाचा आवाज ऐकायला जसा कान लावायचो ना, तसा. पहिले दिवस वाईट गेले. हाताला काही सुचेना. दुकानाच्या वाटेला लागायचो आणि ओढ्यातून परत फिरायचो. चुलतभावाला अपमान वाटला. तो चारचौघांत म्हणाला, दादा आता संन्यास घेणार. बायका पाणवठ्यावर सुनेला काही सांगायला लागल्या की ती म्हणायची, रातच्याला या, जेवण झाल्यावर सांगा, आणि घागर उचलायची. माळ्यावर मला करायला काही उरलं नाही म्हणून मी गोफण फिरवायला लागलो. चिमण्यांना फार आश्चर्य वाटलं असेल. आणि आठवड्याच्या आत गाईपुढची भाकरी दिसेनाशी झाली.

आता तो दिवस सांगतो. काष्टीचा बाजार होता. दुपारची वेळ, आम्ही नुकते ताटांवर बसलो होतो. सून भिंतीकडं तोंड करून, पहिला घास घेतलेला. चुलतभाऊ बाजारातून येतो आहे, सायकल अंगणात टाकून दिलेली, अंगरखा घामानं भिजलेला, आणि ओरडतच येतो आहे, "दादा, अहो दादा, तुमच्या पोराच्या पलटणीतला मानूस टेसनावर..." मी हात वर केला. कसा केला मला माहीत नाही. माझ्या छातीत बैल उधळले होते. म्हणालो, "गप. आमी जेवतोय. बस, तूबी जेव, मग सांग."  सुनेचा हात ताटात थांबलेला मला पाठीमागूनही दिसत होता. चुलतभावाची गचांडी धरून सगळं वदवून घ्यावं असं मला वाटत होतं. संध्याकाळपर्यंत थांबणं माझ्याच्यानं झालं नसतं, हे मान्य करतो. पण जेवण होईपर्यंत थांबायचं, एवढं मी पक्कं केलं.

चुलतभाऊ उंबऱ्याच्या आत आला, टेकला, आणि चिडून म्हणाला, "मग पानी तरी द्या. उनातनं आलोय."

आई, तुला सांगायला नको. मयताचा सांगावा घेऊन आलेला माणूस त्या घरचं पाणी पीत नाही. दारातूनच सांगतो आणि तसाच फिरतो. सून उठली. तांब्या भरून तिनं त्याच्या हातात दिला आणि पदर सावरत तिथंच उभी राहिली. त्यानं तांब्या तोंडाला लावला. त्याच्या गळ्याची घाटी वर-खाली होत होती आणि आम्ही दोघं तिकडं बघत होतो. तांब्या रिकामा झाला. त्यानं तोंड पुसलं आणि म्हणाला, "आनि ठेचा असंल तर वाढ, पोरी."

तिनं त्याला भाकरी वाढली, ठेचा वाढला, वर कांदा फोडून दिला. मग ती आपल्या जागी गेली, भिंतीकडं तोंड करून बसली आणि जेवायला लागली. तुकडा मोडल्याचा आवाज आला. मग दुसरा. तिनं टोपल्यातून आणखी एक भाकरी घेतली. तिघंही जेवलो. असं जेवण मी आयुष्यात जेवलो नाही, आई, लग्नातसुद्धा. ताटं उचलून झाल्यावर मी नीट बसलो आणि तुझ्यासारखं म्हणालो, "हां, सांग आता."

पोरगा जखमी झाला होता. डाव्या हाताची दोन बोटं गेली होती. पुण्याच्या फौजी दवाखान्यात होता, हिंडत-फिरत होता, आणि त्या पलटणीतल्या माणसापाशी त्यानं निरोप दिला होता की घरी सांगा, मी बरा आहे, बायकोनं जेवण सोडू नये. सून तेव्हा रडली. पोटभर जेवून रडली, त्यात जीव होता. मी चुलतभावाला पुढं एकदा विचारलं की पाणी मुद्दाम मागितलंस का. तो म्हणाला, कसलं मुद्दाम, तहान लागली होती. मला ते पटलेलं नाही. बडबड्या आहे, पण त्याला सगळ्या पद्धती पाठ आहेत.

लढाई संपली, पोरगा हात गळ्यात बांधून घरी आला. त्या वर्षी आमचा शाळू चिमण्यांनी सोडला तेवढा भरला, आणि यंदा पाऊस नसल्यानं तोच कामाला आला. आता डबा रोज दुष्काळाचं सांगतो, कुठं विहिरी आटल्या, कुठली माणसं घरं सोडून निघाली. ऐकतो. सगळं ऐकतो. पण संध्याकाळी, जेवल्यावर, एकदाच. सेल अजून डाळीखालीच असतात. सुईण दुसऱ्या घरांतही हे सांगत फिरते. परवा चुलतभावानं दुकानात गिऱ्हाइकाला विचारलेलं मी स्वतःच्या कानांनी ऐकलं, जेवून आलाय का, मग सांगतो. मी बाहेर उभा होतो. छाती अशी फुगली की अंगरख्याची गुंडी तुटेल असं वाटलं. जातं पोटात फिरतंच आहे, पण आता त्याला दिवसभर दळण मिळत नाही.

आणि मुलगी झाली, आई. गोल, जड, आवाज असा की बैल बुजतात. आता पावलं टाकायला लागली आहे. बारशाला गावातली सगळ्यांत म्हातारी बाई आली होती, तिनं पोरीला हातात घेतलं आणि म्हणाली, ही तर हिच्या पणजीवर गेली, तेच कपाळ, तेच डोळे. सगळे माझ्याकडं बघायला लागले, कारण तुला पाहिलेला घरात मी एकटाच. मी ठासून म्हणालो, व्हय, अगदी तीच.

आई, मी खोटं बोललो. कान चोळला नाही म्हणून कुणाला कळलं नाही. तुझा चेहरा मला आठवत नाही. तुझा फोटो कुणी काढला नव्हता आणि मधे फार वर्षं गेली. हा कागद मी कुठं टाकणार, पाटाखाली राहील. पण तू एकदा ये, झोपेत ये नाहीतर भरदुपारी माळ्यावर ये, आणि मला नीट बघू दे. ती म्हातारी बाई आता थकली आहे, विचारायला दुसरं कुणी उरणार नाही. लवकर सांगावा धाड.