शर्यतीतली बस

धाकट्या,

आबांचं डोकं चालू राहावं म्हणून तू त्यांना गाड्यांच्या शर्यतीचा गेम दिलास. त्यांचे गुण रोज तुझ्या मोबाइलवर दिसतात आणि रोज शून्यच. काल तू फोनवर म्हणालास, "ताई, त्यांचं डोकं गेलंय. वृद्धाश्रमात ठेवू."

गाढवा, एकदा शेजारी बसून बघ तरी! तीस वर्षं बस चालवलेला माणूस शर्यत कशाला लावेल? आबा मागच्या गाड्यांना खुशाल पुढे जाऊ देतात. दर वळणावर थांबतात आणि आपल्या जुन्या रस्त्यावरचा थांबा पुकारतात. बावीसच्या बावीस थांबे, एकही चुकत नाही. मी ओरडले, "दाबा की जोरात!" तर मलाच म्हणाले, "म्हातारी चढतेय, दिसत नाही का?"

इथवर लिहून पत्र पाठवणारच होते. पण शाळेच्या थांब्यावर ते बराच वेळ थांबतात. आज कारण विचारलं, तर म्हणाले, "धाकटा येतोय ना दप्तर घेऊन. त्याला सोडून कसा जाऊ?"

हे तुला कळलं तर उद्याच त्यांना वृद्धाश्रमात न्यायला येशील. म्हणून पत्र माझ्याकडेच राहू दे.

मी त्यांना म्हटलं, "थांबा आबा. मला काही घाई नाही."

तुझी,
ताई