फुंकलेल्या शाईची झाडं

११ मार्च, गुरुवार

आज चर्चच्या तळघरात पाणी सांडलं. सांडलं म्हणजे – मी सांडवलं. निदान इथे तरी खरं लिहावं.

गुरुवारचं आमचं कार्डांचं टेबल. आजारी माणसांना, घरात मयत झालेल्यांना, बाळंतिणींना हाताने केलेली कार्डं पाठवायची. रंग सगळ्याजणींचे, अक्षर माझं. सत्तावीस वर्षं! आज म्हाताऱ्या हॅरल्डसाठी 'लवकर बरे व्हा' लिहायला घेतलं तर पेन सरळ जाईना. पहिलंच अक्षर कोंबडीने पाय ओढल्यासारखं. कुणी बघायच्या आत ब्रशचं भांडं कोपराने लवंडलं. शाई पसरली. मग काय करणार, सरबताची नळी उचलली आणि ओल्या शाईवर फुंकर मारत सुटले. शाई फाटे फोडत वर गेली. झाड झालं! काळंभोर, निष्पर्ण, सुंदर.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. डॉर्थिया म्हणाली, "अगं सिग्ने, इतकी वर्षं पट्टी गिळल्यासारखी रेघ मारत होतीस, आज काय अंगात आलं?"

मी हसले. वेळ मारून नेली.

१२ मार्च

जुन्या टूथब्रशने रंगाचे शिंतोडे उडवले. त्याला हात थरथरला तर चालतो. उलट बरंच!

१८ मार्च, गुरुवार

आज मीठ. ओल्या निळ्यावर जाडं मीठ भुरभुरायचं आणि गप्प बसायचं. मीठ रंग पितं, वाळल्यावर झटकलं की बर्फाची नक्षी. मेणबत्तीने पांढऱ्यावर पांढरं रेघाटायचं, वरून रंग फिरवला की रेघा उमटतात. आता सगळ्याजणी हेच मागतात. "सिग्नेची मज्जा" म्हणतात.

माझी कसली, आईची मज्जा ही. नळी, मीठ, मेणबत्ती, सगळं तिचं. आयुष्यभर एकेक पाकळी मोजून काढणारी बाई, साठी उलटली आणि एकदम पोरीसारखी शिंतोडे उडवायला लागली. विचारलं तर म्हणायची, "म्हातारपणी तरी मजा करू दे की मेली!"

२१ मार्च, रविवार

ब्रिटा आली होती. तिचं न् ओवेनचं लग्न चौदा ऑगस्टला, इथेच, तळ्याकाठी. जेवणाच्या टेबलावर प्रत्येक पाहुण्याच्या ताटापाशी नावाचं कार्ड हवं. ऐंशी कार्डं. आणि नावं माझ्या अक्षरात!

"छापून घे ना," म्हटलं.

"छापील? आई, तुझं अक्षर घरात असताना? माझ्या डब्यावर लिहायचीस तसं हवंय. बस्स."

बोलता बोलता तिने हात पुढे केला, बोटं ताठ. "बघ. परवा आठ दिवसांच्या बाळाचं रक्त घेतलं. एका टोचणीत! अख्ख्या दवाखान्यात हा हात मागतात. तुझाच हात आलाय मला."

माझे दोन्ही हात टेबलाखाली होते.

२९ मार्च

सकाळी बरं असतं. दुपारी वाईट. कॉफी सोडून पाहिली – डोकं दुखलं, हात तसाच.

२ एप्रिल

लायल माझा कप अर्धाच भरतो हल्ली. कधीपासून, लक्षातच आलं नव्हतं. काही बोलत नाही. चाळीस वर्षांच्या संसारात हा माणूस मासे आणि हवामान सोडून काही बोललेला नाही. मीही विचारलं नाही.

८ एप्रिल, गुरुवार

केलं. लाज वाटते, पण केलं.

माझ्याकडे काळ्या शाईच्या दोन बाटल्या. एक वाळली की पाण्याला दाद देत नाही, तिच्या गळ्यात मी लाल दोरा बांधलाय. दुसरी पाणी लागलं की वाहते. नावं लिहून वर रंग फिरवायचा तर लाल दोऱ्याचीच घ्यायची, हे आमच्या टेबलावर पहिल्या दिवशी शिकवतात. मीच शिकवते!

आज बारा नावं लिहिली. वाकडी, थरथरलेली. लिहिली बिनदोऱ्याच्या बाटलीने. आणि वर हिरवा रंग फिरवला. बाराच्या बारा नावं वाहून गेली. ओवेनच्या आजीचं नाव तर ढगच झालं.

"अगं बाई, बाटली चुकली!" मी ओरडले. छान ओरडले.

डॉर्थियाने बाटली उचलली. गळ्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. "तू? बाटली चुकवलीस? तू??"

"म्हातारी झाले."

"माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान आहेस." जाताना लिंबाच्या वड्यांचा अख्खा डबा माझ्या पिशवीत कोंबला. कुणी गेलं की देतात ना, तसा.

११ एप्रिल, रविवार

ब्रिटाला कार्डं दाखवली. तिने एक एक करून बाराही बघितली.

"आई, तुला ओवेन आवडत नाही का?"

"हे कुठून काढलंस?"

"मग काय समजू? आधी म्हणालीस छापून घे. आता बाटली चुकली. लाल दोरा मला सातव्या वर्षी शिकवलास तू! नको असेल तर सरळ सांग ना, रंग कशाला ओततेस नावांवर?"

सांगायचं होतं. खरंच तोंडाशी आलं होतं. म्हणाले काय, तर "काहीतरीच बोलतेस." गेली. दार आपटून नाही, हळूच लावून. त्याचंच जास्त लागलं.

२५ एप्रिल

दोन रविवार झाले, आली नाही. लायल नाल्यावर जाळं लावून बसतो. रात्रभर नाही, संध्याकाळीच परततो, बादलीभर चिमुकले मासे घेऊन. "फोन कर तिला," म्हणाला. तीन शब्द! लायलच्या मानाने भाषणच.

६ मे, गुरुवार

टेबलावर गेले नाही. सर्दी झाली म्हणून कळवलं.

दुपारी आईची पेटी काढली. जुनी कार्डं ब्रिटाला पाठवून समेट करावा, असा बेत. आईने कार्डं सालवार बांधून ठेवलीत, प्रत्येक गठ्ठ्यावर फीत. एक्याण्णवचा गठ्ठा – घंटाफुलं, पाकळीची शीर न् शीर. ब्याण्णव – सगळी नळीची झाडं. त्र्याण्णव – मीठ, शिंतोडे, मीठ. एक सरळ रेघ नाही. पुन्हा कधीच नाही.

एका कार्डाच्या मागे पेन्सिलीने आईने लिहिलेलं माझं नाव. ते अक्षर मी ओळखलं. माझंच आहे ते, मार्चमधलं.

आणि मग एकेक आठवत गेलं. आई कप अर्धाच घ्यायची. "भरला की गार होतो गं," म्हणायची. सूप करणं सोडलं तिने. चर्चमध्ये कायम हात पर्सवर दाबून बसायची.

मजा कसली, मेली! लपवत होती. दहा वर्षं माझ्या समोर बसून लपवलं, आणि मी तिच्याकडून लपवायचीच कला शिकले.

इतका राग आला तिचा. एक शब्द बोलली असतीस, आई!

२० मे, गुरुवार

डॉक्टरीणबाईंनी कागदावर गोल गोल रेघ काढायला सांगितली, गोगलगाईच्या पाठीसारखी. जन्मभर कार्डं केली आणि परीक्षेला हेच यावं! काढली. दोघी बघत बसलो तिच्याकडे.

म्हणाल्या, मरणाचं काही नाही. गोळ्या आहेत, थोडा फरक पडेल. हात असाच थरथरणार, हळूहळू वाढणार. घराण्यातून येतं. "आईला होतं?" होतं. "मुलं किती?"

एक, म्हटलं.

"तिला येईलच असं नाही. निम्मी शक्यता. कुणाला म्हातारपणी, कुणाला तिशीतच. तिला सांगून ठेवा."

पार्किंगमध्ये लायल गाडीत बसला होता. त्याला सांगितलं. मान हलवली. "माहीत होतं," म्हणाला. "तुझ्या आईचंही." दोन मिनिटं त्याचा गळा धरावासा वाटला. मग त्याच्याच खांद्यावर रडले.

२१ मे

लग्न होऊन जाऊ दे. मग सांगेन. चौतीस वर्षांची पोर, आनंदात आहे, सुया हातात घेऊन पोट भरते. आत्ता कशाला?

आईनेही असंच म्हटलं असेल. आधी पोरीचं हे होऊ दे, आधी ते होऊ दे.

२ जून

ब्रिटाचा फोन! आधी इकडचं तिकडचं. मग, "सॉरी, आई. उगाच बोलले." मी म्हटलं, माझंच चुकलं. दोघी नाक ओढत होतो. रविवारी तेरा तारखेला येते म्हणाली. कामावर आता कागदपत्रांच्या टेबलावर बसते. "सुयांचा कंटाळा आला गं."

बरं झालं. सारखं उभं राहून पाय दुखायचे तिचे.

१० जून, गुरुवार

टेबलावर गेले. डॉर्थियाला सांगितलं. "मला वाटलं मरतेयस!" म्हणाली आणि खांद्यावर एक चापट मारली. नावं ती लिहिणार. ब्रिटाला काय सांगायचं, ते नाही ठरलं. लग्नानंतर. ठरलंय तसंच.

१३ जून, रविवार

ब्रिटा आली. कोटही न काढता स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसली. पिशवीतून कार्डं काढली, वीसेक. तिने स्वतःच नावं लिहायला घेतली होती, मला त्रास नको म्हणून.

"हसू नकोस हं," म्हणाली. "रेघ सरळ जातच नाही माझी. दोनेक महिने झाले. तू ते नळीने फुंकतेस ना, झाडं? ते शिकव मला. त्यात कळत नाही."

नळ्या समोरच होत्या, बरणीत. दिल्या नाहीत. उठले, माझा कप काठोकाठ भरला, आणि तिच्यासमोर एका हाताने उचलला.