वरचं काही देता का?

१४ ऑक्टोबर

आई,

नमस्कार. खोकला गेला, खोली तीच आहे, जेवण वेळेवर होतं. म्हणजे तुझे तिन्ही प्रश्न संपले. वहिनी, पुढचं वाचायला घेण्याआधी घोटभर पाणी पी. पत्र लांब आहे आणि आईला ऐकू जावं म्हणून तुला ओरडावं लागणार आहे.

फोनवर हे जमत नाही. आई, तू ‘जेवलीस का’ विचारतेस आणि मी तोंड उघडायच्या आत ‘बरं बरं’ म्हणून फोन दादाकडे देतेस. म्हणून लिहिते आहे.

आधी कामाचं. शेजारच्या काकूंना तू ‘मोठ्या हापिसात आहे’ म्हणून सांगतेस, ते हापिस म्हणजे पोषण केंद्र. बाळंतिणी तान्ही पोरं घेऊन येतात. खिडकीजवळच्या टेबलाशी बसून मी त्यांना पोराच्या खाण्यापिण्याचं विचारते, लिहून घेते, मग त्यांना पुढच्या खोलीत पिठाची पाकिटं मिळतात. किती बाळं नुसती आईच्या दुधावर आहेत, याचा आकडा दर महिन्याला वर पाठवायचा. तो कितीतरी वर्षं जागचा हलत नव्हता. या वर्षी एकदम चढला. केंद्राच्या मॅडमनी भिंतीवर आलेख लावला, रेघ जिन्यासारखी वर गेलेली. सगळे खूश. मीही होते.

मग एक बाई आली. तिच्या पिशवीतून दुधाची बाटली डोकावत होती. मी नेहमीचा प्रश्न विचारला, “वरचं दूध देता का?”

“छे हो! वरचं दूध कुठलं?”

“मग ही बाटली?”

“ती पावडरची. डब्यातली. ते काय दूध आहे?”

मागे उभी असलेली म्हणाली, “आमच्याकडं पण तेच. दूध नाही देत. डबा देतो.”

आई, आम्ही पूर्वी विचारायचो, “वरचं काही देता का?” त्यात पाणी यायचं, डबा यायचा, सगळं यायचं. मॅडमना ‘काही’ हा शब्द मोघम वाटला. त्यांनी तो काढून तिथं ‘दूध’ घातलं. त्याच महिन्यापासून रेघ चढायला लागली. डबे होते तेवढेच राहिले. एक शब्द बदलला आणि आम्ही टाळ्या वाजवत बसलो.

रात्रभर तळमळून मी मॅडमना सांगितलं.

“मग आता वर काय कळवू?” त्या म्हणाल्या. “आमच्या बायका पुन्हा बिघडल्या म्हणून?”

“बायका नाही बिघडल्या, मॅडम. प्रश्न बिघडला.”

“तू फार खोलात जातेस बाई.”

गेले मी खोलात. माझ्या टेबलावर पुन्हा ‘काही’ विचारायला लागले. माझा आकडा धाडकन खाली आला, शेजारच्या टेबलाचा होता तिथंच राहिला. त्यावरून मॅडमनी असं ठरवलं की मला बायकांशी बोलता येत नाही. आता मी वजनकाट्यावर असते. हे दादालाही सांगितलेलं नाही. पगार तोच आहे. पण काकूंना आता मोठं हापिस सांगू नकोस. मी पोरांची वजनं करते आणि ती माझ्या अंगावर मुततात.

काट्याला मात्र काही विचारावं लागत नाही, एवढं बरं आहे. टेबलाशी बसून एक गोष्ट शिकले. सुनेच्या पाठीमागे सासू उभी असली की सून उत्तर देण्याआधी मागे बघते. मग म्हणते, “हो, अंगावरच पाजते. भरपूर येतंय.” आम्ही लिहून घेतो. तिकडे काट्यावर पोर जिथल्या तिथं.

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसले ते. इतका वेळ आडूनआडून चाललंय, मलाच कळतंय.

वहिनी, इथून पुढे एक शब्द गाळू नकोस. तू गाळतेस हे मला माहीत आहे. मागच्या पत्रात मी विचारलं होतं, छकुली झाल्यापासून वहिनीची झोप होते का, ती पोटभर जेवते का. आई, तुझ्या उत्तरात त्यावर अवाक्षर नव्हतं. म्हणजे ते तुला कुणी वाचून दाखवलंच नाही, आणि यात कानाचा दोष नाही.

त्या उत्तरात काय होतं ते तुला आठवतं का? ‘सुनेला दूध कमी, वर तोंड पाडून बसते, तू चार शब्द सुनाव तिला.’ तू सांगितलंस आणि वहिनीनं ते स्वतःच्या हातानं लिहिलं. शुद्धलेखनाची एक चूक नाही त्यात.

दादा फोनवर हसत म्हणाला, “ही पाजायला बसली की आई समोर ठाण मांडून बसते. म्हणते, माझी लेक हेच काम करते, माझी लेक म्हणते वरचं काही नको.” आणि जाता जाता म्हणाला, “छकुलीचं वजन जरा थांबलंय. मागच्या वेळी होतं तेवढंच आलं.” जरा थांबलंय! चार महिन्यांच्या पोरीचं वजन ‘जरा’ थांबत नसतं रे दादा. असं पोर काट्यावर आलं की मी पाकिटाच्या रांगेतही उभं करत नाही, आधी डॉक्टरांकडे पाठवते. आणि माझ्याच घरातलं पोर माझ्याच नावाखाली उपाशी रडतंय की काय, ते मला इथं बसून कळत नाही.

आई, सहा महिने नुसतं आईचं दूध, हे मी सांगितलं होतं. ते खरंच आहे आणि अजूनही खरं आहे. पण ते वहिनीला बळ यावं म्हणून सांगितलं होतं. तू त्याची छडी केलीस.

पत्र संपलं की छकुलीला डॉक्टरांकडे न्या. आजच. तू जरूर बरोबर जा, पण बाहेरच्या बाकावर बस. आत वहिनीला एकटीला बोलू दे, म्हणजे तिला मागे बघावं लागणार नाही. पाजायची पद्धत सुधारा म्हणाले तर तसं करायचं, वरचं द्या म्हणाले तर वरचं द्यायचं, आणि कुणी कुणाला टोमणा मारायचा नाही. तुझ्या तोंडून ‘हो’ आल्याशिवाय वहिनी उंबरा ओलांडणार नाही, म्हणून आधी ‘हो’ म्हण. वहिनी, आई हो म्हणेपर्यंत इथंच थांब. ऐकू आलं नाही म्हणाली तर पुन्हा वाच, अजून मोठ्याने. काकूंनी ऐकलं तरी चालेल.

वहिनी, तू हे सगळं वाचलंस की नाही, हे मला कसं कळणार? आई, उत्तरात पहिलं वाक्य वहिनीच्या झोपेचं हवं. ते तू सांगू नकोस. वहिनीला विचार, आणि ती म्हणेल ते तिला लिहू दे.

तुझी लेक.
‘माझी लेक म्हणते’ असं यापुढे घरात कुणाला सांगू नकोस. ती फक्त विचारते आहे.