कैलासवासी अध्यक्षांची सही

॥ श्री गणेश प्रसन्न ॥

लिहून ठेवणार : श्रीमती आनंदाबाई महादेवराव येळणे, वय ६९ वर्षे, शिक्षण मॅट्रिक, काम घरचे, राहणार नाचणगाव, तालुका देवळी, जिल्हा वर्धा.

मी लिहून ठेवते की आज माझी बुद्धी ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मला कोणी धाक दिलेला नाही आणि कोणी गोड बोलून बसवलेलंही नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. वकील टाइप करून देतो म्हणाले, पण हे माझ्याच अक्षरात असलं पाहिजे. त्याचं कारण कलम तीनमध्ये येईल.

कलम १. नाचणगावातलं राहतं घर, जे यजमानांच्या पश्चात माझ्या नावे झालं, ते मुलगा मुकेश याला द्यावं. देवघरही त्यालाच. केळझरच्या गणपतीचा फोटो उतरवू नये आणि चतुर्थीचा उपास सुनेवर लादू नये. तिला पित्ताचा त्रास आहे.

कलम २. पोस्टातली ठेव, दोन पाटल्या आणि शिलाई मशीन मुलगी वर्षाली हिला द्यावं. मुकेशने यावर बोलू नये. वर्षालीचं जे गेलं ते यात भरून येत नाही, हे तिलाही ठाऊक आहे आणि मलाही.

कलम ३. आता घरामागच्या अर्ध्या एकराबद्दल. ही जागा मी माझ्या लग्नातला गोफ मोडून घेतली. सातबारा माझ्या नावे आहे आणि कोणाचा वाटा नाही. तीस वर्षांपासून तिथे जय हनुमान क्रीडा मंडळाचं आट्यापाट्यांचं मैदान आहे. नऊ पाट्या चुन्याने आखलेल्या असतात. प्रत्येक पाटीवर एक जण अडवायला उभा राहतो, आणि त्याला चकवून पुढे जायचं असतं. मंडळ तानबाजी गुरुजींनी काढलं, रीतसर नोंदवलं, आणि गुरुजी त्याचे अध्यक्ष होते. आमचे यजमान सचिव.

गुरुजी २००४ साली गेले. दुसरा अध्यक्ष निवडून धर्मादाय कार्यालयात नव्वद दिवसांत बदल अर्ज द्यायला पाहिजे होता. तो दिला नाही. कोणाला चोरी करायची नव्हती. गुरुजींच्या जागेवर बसायला कोणाचीच हिंमत झाली नाही, एवढंच. सभेत खुर्चीवर त्यांचा फोटो ठेवायचा, हार घालायचा, आणि इतिवृत्तात "अध्यक्षस्थानी गुरुजी" असं लिहायचं. त्यांच्या सहीचा रबरी शिक्का आमच्या देवघरात असे. दसऱ्याला त्याची पूजा व्हायची. यजमान तो कपाळाला लावून मगच कागदावर उठवत.

ते कागद मी लिहीत होते. अक्षर चांगलं म्हणून मंडळाचे सगळे दाखले माझ्याकडे यायचे. आणि खोटं लिहायचं नाही म्हणून मी प्रत्येक दाखल्यावर अध्यक्षांच्या नावाआधी "कै." लिहीत असे.

२०१५ साली मंडळाचा मुलींचा संघ राज्य स्पर्धेत दुसरा आला. वर्षाली त्यात होती, आणि गावातल्या श्रावणभाऊंची मुलगी रोशनी कप्तान होती. २०१८ साली वर्षाली खेळाडूंच्या राखीव जागेतून लिपिक पदाला निवडली गेली. पेढे वाटून झाले. मग क्रीडा प्रमाणपत्राची पडताळणी लागली. संघ कोणी पाठवला, ती संस्था कायद्याने जिवंत आहे का, हे त्यात पाहतात. मी वर्षालीसोबत नागपूरला क्रीडा खात्याच्या कार्यालयात गेले होते. साहेब वाईट बोलले नाहीत. दाखला माझ्याकडे फिरवून एवढंच म्हणाले, "बाई, वारलेल्या माणसाने सही केली, हे तुम्हीच लिहून दिलं आहे."

वर्षालीची निवड रद्द झाली. रोशनीची पोलीस भरती त्याच कागदावर अडली. कोर्टात जा म्हणणारे पुष्कळ भेटले. पण कागद खोटाच होता, तर कोर्टाला काय सांगायचं? परत येताना आम्ही बसने पुलगावला आलो. उतरताना वर्षाली म्हणाली, "आई, पाट्या तं मी खऱ्याच पार केल्या ना वो?"

पुढचं कलम हे तिला माझं उत्तर समजावं.

कलम ४. वरील अर्धा एकर मी जय हनुमान क्रीडा मंडळाला देते, पण खालील अटींवर.

(अ) कार्यकारिणीत निम्म्या जागा या मैदानावर खेळलेल्या बायांच्या असाव्यात. मागच्या वर्षी दिल्लीत खेळांच्या संघटनांसाठी नवा कायदा झाला. त्यात खेळाडूंना आणि बायांना जागा आहे, असं पेपरात वाचलं. तो मोठ्या संघटनांसाठी आहे, तुमच्या मंडळाला लागू होत नाही, असं वकील म्हणतात. नसेल होत. माझ्या जमिनीला मी लावते.

(ब) निवडणूक मंडळाच्या घटनेप्रमाणे दर तीन वर्षांनी घ्यावी, हात वर करून नाही, चिठ्ठी टाकून. हात वर केले की सुना सासऱ्याकडे पाहतात.

(क) पडताळणीसाठी लागणारा प्रत्येक दाखला जिवंत माणसाने, स्वतःच्या हाताने सही करून द्यावा.

(ड) संध्याकाळी पाच ते सात मैदान मुलींचं. गणपतीचा मांडव, लग्नाची पंगत, कोणाचा सत्कार, काही आलं तरी.

यातली एकही अट मोडली तर जागा ग्रामपंचायतीकडे जावी, तीही मैदान म्हणूनच. प्लॉट पाडता येणार नाहीत. मुकेशचं म्हणणं असं होतं की ले-आउट पाडला तर सगळ्यांचं भलं होईल आणि मंडळाले सरकार देईनच कुठंतरी जागा. मी त्याला म्हटलं, सरकार देईन तवा दुसरं मैदान करू, तोवर हे राहू दे. तो माझ्यावर आठ दिवस रुसला होता. त्याचा राग माझ्या मनात नाही, त्यानेही ठेवू नये.

कलम ५. रोशनी श्रावण पाटील हिला यजमानांची शिट्टी आणि मंडळाची सगळी कागदपत्रं द्यावी. रोशनीची नोकरी माझ्यामुळे हुकली आणि तरी तीच त्या मैदानावर मुलींना शिकवते. मी तिची माफी मागितली तेव्हा म्हणाली, "काकू, माफी राहू द्या, निवडणूक लावा."

ती २०२४ साली लावली. बदल अर्ज दाखल केला, वीस वर्षांच्या उशिराचा माफीनामा जोडला आणि यजमानांची चूक, माझी चूक, सगळं लिहून दिलं. यजमान तेव्हा हयात नव्हते. असते तर त्यांनी मला लिहू दिलं नसतं, आणि मी तरी लिहिलं असतं. पुढच्या वर्षी अर्ज मंजूर झाला. आज रोशनी अध्यक्ष आहे आणि मी कोषाध्यक्ष. मागच्या महिन्यात दोन मुलींचे दाखले पडताळणीत पास झाले. त्यावर माझं अक्षर आहे आणि रोशनीची सही.

कलम ६. सहीचा शिक्का मी कापडात बांधून ठेवला आहे. तो पूजेत ठेवू नये. गुरुजींच्या अस्थी सोडल्या तिथेच वर्धा नदीत सोडावा.

कलम ७. प्रभाकररावांबद्दल. ते बावीस वर्षं उपाध्यक्ष होते. बदल अर्जाच्या वेळी घरी आले, चहा घेतला नाही, आणि म्हणाले, "वहिनी, गुरुजीचं नाव कापाले हात तरी कसा उचलते तुमचा?" मी म्हटलं, "लिहाले उचलला तोही माह्याच हात होता, भाऊजी." सहा महिने बोलले नाहीत. त्याआधी निवडणुकीत ते पडले तेव्हा मला वाईट वाटलं नाही, हे खरं तेच लिहिते. पण मुलींचे दाखले पास झाले त्या दिवशी ते स्वतः मैदानात आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "आता आनंदावहिनीचं नाव कायम राह्यलं पायजे कार्यकारिणीत. त्या राहोत का न राहोत." मुलींनी टाळ्या वाजवल्या.

म्हणून शेवटचं कलम लिहिते.

कलम ८. मी मेले की कोषाध्यक्ष म्हणून माझं नाव कमी करावं. माझा फोटो खुर्चीवर ठेवू नये. मैदानाला माझं नाव देऊ नये. तेरवी करायची असेल तर करावी, पण मृत्यूचा दाखला हातात आला की आधी सभा बोलवावी, नवा कोषाध्यक्ष निवडावा, आणि बदल अर्ज नव्वद दिवसांच्या आत दाखल करावा. त्यासाठी लागणारा नमुना या मृत्युपत्राला जोडला आहे. कमी करायचं नाव म्हणून माझं नाव मी त्यात लिहिलं आहे. नवं नाव आणि तारीख तेवढी भरावी.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला, आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

आनंदाबाई महादेवराव येळणे

साक्षीदार. आम्ही दोघे मंडळाचे पदाधिकारी नाही व या मृत्युपत्रातून आम्हाला काही मिळत नाही. बाईंनी आमच्यासमोर सही केली, आम्ही त्यांच्यासमोर केली.

१. मोतीलाल शंकरराव गाते, किराणा दुकान, नाचणगाव. सही

२. प्रभाकरराव विठोबाजी ढगे, नाचणगाव. सही
(कलम आठ मी दोनदा वाचलं. अर्ज घेऊन वर्ध्याला मीच जाईन. प्र. वि. ढगे)

स्थळ : नाचणगाव
दिनांक : ९ फेब्रुवारी २०२६